दुधाच्या दाढेची दोन घड्याळं

१. पडणारच आहेत, तर भरायचे कशाला?

चार वर्षांच्या मुलाच्या दाढेत काळा खड्डा दिसला की घरात पहिला प्रश्न हाच निघतो, आणि बहुधा आजीच्या तोंडून निघतो: दुधाचेच दात ना, पडणारच आहेत, त्यांत सिमेंट कशाला भरायचं? हा प्रश्न अडाणीपणाचा म्हणून झटकून टाकण्याची डॉक्टरांना सवय असते, पण त्यात एक रास्त हिशेब आहे. जी वस्तू चार दिवसांनी टाकूनच द्यायची, तिच्या दुरुस्तीवर किती पैसे घालायचे, हा तो हिशेब. अडचण एवढीच, की तो अर्धाच मांडला जातो. दात पडणार हे खरं. पण कधी पडणार आणि तोवर कीड कुठपर्यंत पोचणार, हे दोन्ही आकडे मांडल्याशिवाय उत्तर निघत नाही.

पहिला आकडा सोपा आहे. दुधाचे दात एकूण २०. समोरचे पटाशीचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलायला लागतात, त्यामुळे सगळंच तोंड तेव्हा रिकामं होणार अशी आपली समजूत होते. दाढांचं वेळापत्रक वेगळं असतं. दुधाची पहिली दाढ साधारण नवव्या ते अकराव्या वर्षी पडते, दुसरी दहाव्या ते बाराव्या. म्हणजे चार वर्षांच्या मुलाच्या दाढेची अजून पाच ते आठ वर्षं नोकरी बाकी आहे, आणि साडेनऊ वर्षांच्या मुलीच्या पहिल्या दाढेची कदाचित काही महिनेच. दोघांच्या दाढेत अगदी सारखा खड्डा असला तरी मुलीच्या बाबतीत आजीचं म्हणणं बरोबर निघू शकतं आणि मुलाच्या बाबतीत तेच म्हणणं महागात पडतं.

या प्रकरणात म्हणायचंय ते इतकंच, की दुधाच्या दाढेला दोन घड्याळं लावलेली असतात. एक दात पडण्याचं, दुसरं कीड दाताच्या नसेपर्यंत पोचण्याचं. खड्डा केवढा आहे यापेक्षा कोणतं घड्याळ आधी वाजणार, हे विचारलं पाहिजे. किडीचं घड्याळ आधी वाजलं तर रात्रीची कळ, गालाला सूज, हिरडीवर पुटकुळी, आणि दाढ वेळेआधी काढावी लागली तर तिच्या जागेवर शेजारचे दात सरकून येणं, असा क्रम असतो. दुसरी दाढ फार लवकर गेली तर मागची कायमची दाढ पुढे कलते आणि खाली वाट बघत असलेल्या दाताची जागाच खाऊन टाकते. मुळाशी झालेला पू कधी कधी त्या खालच्या, अजून घडत असलेल्या दाताच्या आवरणावरही डाग ठेवून जातो.

२. किडीत किडा नसतो

आपल्या भाषेने इथे थोडा घोटाळा करून ठेवला आहे. ‘कीड’ म्हटलं की धान्यातल्या टोक्यासारखं काहीतरी दात पोखरत बसलंय असं वाटतं. रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन दातातले किडे पाडण्याचा उपाय याच समजुतीवर पोसला गेला. दातात किडा नसतो. बर्लिनमध्ये काम करणारा अमेरिकन दंतवैद्य मिलर याने १८९० च्या सुमारास दाखवलं, की तोंडातले जंतू पिठूळ आणि गोड पदार्थांपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचा चुना विरघळवतं. पुढे १९४० च्या दशकात स्टीफन या संशोधकाने दातावरच्या चिकट थरातली आंबटाई साखरेची चूळ भरल्यावर मिनिटामिनिटाला मोजली. साखर लागताच काही मिनिटांत आंबटाई वाढते, आणि पूर्ववत व्हायला अर्धा तास ते तासभर लागतो. आंबटाई वाढली की सामू (पीएच) उतरतो; तो ५.५ च्या खाली गेला की दाताचं आवरण विरघळू लागतं, वर आला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट परत दातात बसू लागतं.

म्हणजे दाताचं बँकेतल्या पासबुकासारखं आहे. दिवसभर पैसे निघतात, दिवसभर भरले जातात; भोक हे दिवाळं निघाल्यावरचं दृश्य असतं. थोडा हिशेब करून बघू. एका गोड घासामागे अर्धा तास तोट्याचा धरू. एक मूल दिवसातून तीन वेळा, जेवणाबरोबरच गोड खातं; त्याचा तोटा दीड तासाचा. दुसऱ्याला सकाळी चहात बुडवलेलं बिस्कीट, शाळेत जाताना गोळी, डब्यात जॅम-पोळी, चारला पुन्हा बिस्किटं, खेळताना आणखी एक गोळी, रात्री गोड दूध आणि झोपताना तोंडात बाटली. सात वेळा, साडेतीन तास. दोघांनी दिवसभरात खाल्लेली साखर वजनाला सारखी असली तरी दुसऱ्याचं पासबुक रोज खाली जाणार. त्यात झोपेत लाळ जवळपास थांबते, म्हणजे बँकच बंद असते. म्हणून त्या शेवटच्या बाटलीचा तोटा अर्ध्या तासात संपत नाही. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्मच्या संस्थेत १९४० च्या दशकात मतिमंद रुग्णांना चिकट टॉफ्या खायला देऊन हेच पाहिलं गेलं: जेवणांच्या मधल्या वेळी दाताला चिकटून राहणारी साखर सर्वांत घातक ठरली. ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं त्यांच्या दातांवर केलेला तो प्रयोग आज कोणी करू धजणार नाही. पण ते ज्ञान आपण सगळे वापरतो, हेही खरं.

दुधाच्या दातांत हे पासबुक जास्त वेगाने रिकामं होतं, कारण मूळ शिल्लकच कमी असते. कायमच्या दाढेवर वरचं कठीण आवरण, म्हणजे इनॅमल, दोन मिलिमीटरच्या आसपास असतं. दुधाच्या दाढेवर ते जेमतेम एक मिलिमीटर. आतला मऊ थर, डेंटिन, तोही पातळ, आणि नसेची पोकळी दाताच्या मानाने मोठी. कायमच्या दातात जो प्रवास कीड काही वर्षांत करते, तो इथे महिन्यांत उरकू शकते.

३. भोक पडण्याआधी

मग सुरुवात ओळखायची कशी? दोन वर्षांच्या मुलाचा वरचा ओठ बोटाने उचला आणि समोरच्या वरच्या दातांवर, हिरडीच्या अगदी कडेला बघा. आधी तिथला पिवळट चिकट थर ओल्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर काहीच दिसणार नाही. हिरडीला समांतर अशी खडूसारखी पांढरी कोर दिसली, तर ती किडीची पहिली खूण. दात चमकत असतो, ही कोर चमकत नाही. दातावर लाळ असताना ती पुष्कळदा दिसतच नाही. दातांचे डॉक्टर हवेचा झोत मारून दात वाळवतात तेव्हा ती उमटते. त्याचं कारण घरातल्या मलमलीत सापडेल. पांढरी मलमल ओली झाली की आरपार दिसते, वाळली की पुन्हा पांढरी. आम्लाने इनॅमलमध्ये सूक्ष्म छिद्रं पडलेली असतात; त्यांत पाणी असलं तर प्रकाश फारसा अडत नाही, हवा शिरली की तो विखुरतो आणि पांढरं दिसतं. छिद्रं अजून वाढली की दात ओला असतानाही डाग लपत नाही.

या साध्या गोष्टीवर मोजमापाची एक पद्धत उभी आहे. २००२ च्या सुमारास तयार झालेल्या आयसीडीएएस नावाच्या पद्धतीत दाताच्या प्रत्येक बाजूला शून्य ते सहा असा अंक दिला जातो. शून्य म्हणजे निरोगी. एक म्हणजे वाळवल्यावरच दिसणारा डाग. दोन म्हणजे ओल्या दातावरही दिसणारा. तीन म्हणजे इनॅमलचा टवका उडालेला. चार म्हणजे वरून दात बराचसा शाबूत पण आतून राखाडी सावली डोकावणारी. पाच म्हणजे डेंटिन दिसेल असं भोक. सहा म्हणजे अर्ध्याहून अधिक भाग खाल्लेला. जुन्या पाहण्यांत मात्र भोक पडलेले, किडीपायी काढलेले आणि भरलेले दात मोजून बेरीज केली जाई. गावोगावची तुलना करायला ती बेरीज पुरते. एका मुलाबद्दल निर्णय घ्यायला नाही. तिच्या लेखी पहिल्या दोन पायऱ्या अस्तित्वातच नसतात, आणि फ्लोराईडच्या जोरावर दात परत भरून येण्याची खरी संधी तर त्याच पायऱ्यांवर असते.

४. काळं बरं की पिवळं?

पण अंक हा फोटो असतो, आणि उभ्या एसटीचा फोटो व धावत्या एसटीचा फोटो सारखाच दिसतो. कीड चालू आहे की थांबली आहे, हे अंकावरून कळत नाही. इथे आईवडिलांचा अंदाज सहसा उलटा बसतो. काळा डाग बघून घर हादरतं. फिकट पिवळा, ओलसर खड्डा असेल तर ‘थोडंसंच आहे’ म्हणून सोडून दिलं जातं. दुधाच्या दातात तो फिकट, मऊ, ओला खड्डाच पळत असतो. काळसर, कडक, चकचकीत आणि गुळगुळीत झालेला डाग पुष्कळदा थांबलेल्या किडीचा असतो. पांढऱ्या कोरीचंही तसंच: खडबडीत आणि निस्तेज असेल, वर चिकट थर असेल, शेजारची हिरडी लाल असेल, तर ती चालू, गुळगुळीत आणि चमकदार असेल तर बहुतेक थांबलेली. डॉक्टर टोकाला गोळी असलेल्या बोथट सळईने हलकेच हात फिरवून हा खरबरीतपणा जोखतात. अणकुचीदार सळई खड्ड्यात रुतवून बघायची जुनी सवय आता सोडायला सांगितली जाते, कारण कमकुवत झालेलं इनॅमल त्या टोचण्यानेच मोडतं.

रंगावर सगळी भिस्त ठेवता येत नाही, हा आक्षेप योग्य आहे. चहाने, लोहाच्या औषधाने दात काळे पडतात. काळ्या डागाच्या कडेला कीड चालूही असते. म्हणून रंग, चमक, मऊपणा, थर आणि जागा यांची साक्ष एकत्र घ्यावी लागते. त्यातही जागेची साक्ष मला सर्वांत वजनदार वाटते. ब्रश जिथे सहज पोचतो अशा उघड्या खड्ड्यात कीड थांबण्याची शक्यता बरीच असते. जिथे पोचतच नाही, तिथे फारच कमी.

५. दोन दाढांच्या फटीत

ब्रश न पोचणारी जागा म्हणजे दोन दुधाच्या दाढा एकमेकींना टेकतात ती. समोरच्या दातांत टोकाला टोक लागतं. दाढांमध्ये मात्र अख्खा पृष्ठभाग पृष्ठभागाला चिकटतो, दोन पेट्या शेजारी ठेवल्यासारखा. वरून बघितलं तर दोन्ही दाढा धडधाकट. आत मात्र फटीतून शिरलेली कीड आडवी पसरत असते. दाढेच्या कडेचा उंच काठ राखाडी दिसू लागला म्हणजे ती डेंटिनमध्ये शिरली. आणि जेवताना एक दिवस तो काठ मोडून पडला म्हणजे बहुतेक वेळा आतली नस आधीच सुजायला लागलेली असते. ‘कालपर्यंत काही नव्हतं, एकदम तुकडा पडला’ अशी तक्रार घेऊन येणाऱ्या घराचं काही चुकलेलं नसतं. त्यांना दिसण्यासारखं खरंच काही नव्हतं.

इथे एक्स-रे लागतो, दोन्ही दाढा चावलेल्या स्थितीत घेतलेला छोटा एक्स-रे. मुलांना किरण कशाला, ही काळजी स्वाभाविक आहे. मात्रा अगदी थोडी असते, तरी सरसकट दर सहा महिन्यांनी सगळ्यांचा काढावा असं कोणी म्हणत नाही. दाढा टेकलेल्या आहेत आणि तोंडात इतरत्र कीड आहे, तर काढण्यात अर्थ आहे. दाढांत फट आहे आणि आतला पृष्ठभाग डोळ्यांना दिसतोय, तर नाही. शिवाय एक्स-रेमधली कीड खऱ्यापेक्षा थोडी उथळ दिसते, कारण चुना बराच गेल्याशिवाय तिथे सावली पडत नाही. वेग हवा असेल तर काही महिन्यांनी दुसरा एक्स-रे घेऊन पहिल्याशेजारी ठेवावा लागतो. पहिल्यात कीड इनॅमलच्या बाहेरच्या अर्ध्यात आणि वर्षाने घेतलेल्या दुसऱ्यातही तिथेच, तर घड्याळ मंद आहे. त्याच वर्षात ती डेंटिनला भिडली असेल, तर पुढच्या वर्षाची वाट बघण्यात शहाणपण नाही.

६. भाकीत कितपत खरं?

एका दाढेबद्दल बोललो. आता अख्ख्या मुलाबद्दल. कोणत्या मुलाला पुढे कीड लागणार हे आधी सांगता येतं का? जंतू मोजण्याच्या चाचण्या निघाल्या, लाळेच्या निघाल्या, प्रश्नावल्या निघाल्या. स्वीडनमधल्या माल्मो इथे ब्रॅटहॉल यांनी आहार, जंतू, दाताची प्रतिकारशक्ती वगैरे गोष्टी एका रंगीत वर्तुळात मांडून ‘कीड टळण्याची शक्यता’ टक्क्यांत दाखवणारी कॅरिओग्राम नावाची पद्धत काढली. समजावून सांगायला ती छान आहे: वर्तुळातला हिरवा भाग कशामुळे आक्रसला, हे आईला दिसतं. पण एकामागून एक अभ्यासांत सर्वांत भरवशाचा अंदाज निघतो तो एका बिनखर्चाच्या गोष्टीवरून: आजवर कीड लागली आहे का. चीनमध्ये मुलांचा आठ वर्षं पाठपुरावा करून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुधाच्या दातांत कीड असलेल्या मुलांना कायमच्या दातांत कीड लागण्याची शक्यता इतरांच्या जवळपास तिप्पट आढळली. दुधाचे दात पडतात. आहार, सवयी, जंतू आणि आर्थिक परिस्थिती पडत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, हे भाकीत कसलं, चोरी झाल्यावर चोर आला होता असं सांगण्यासारखं आहे. आक्षेपात तथ्य आहे, आणि म्हणूनच ती पांढरी कोर मोलाची. तिलाही ‘आजवरची कीड’ म्हणून मोजलं, तर भोक पडण्याच्या कितीतरी आधी इशारा मिळतो. ज्याच्या तोंडात अजून डागही नाही अशा तान्ह्या मुलासाठी आईच्या दातांची स्थिती, रात्रीची बाटली आणि वरच्या दातांवरचा न पुसलेला थर एवढी साक्ष उरते. ती कच्ची आहे, पण हातात काहीच नसण्यापेक्षा बरी.

आता भाकिताची एक गंमत. समजा, एखादी तपासणी कीड लागणार असलेल्या १०० पैकी ७० मुलांना बरोबर हेरते, आणि न लागणाऱ्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडून देते. ज्या शाळेत निम्म्या मुलांना कीड लागणार आहे, तिथल्या १०० मुलांत ती ३५ खरे आणि १० खोटे असे ४५ जण हेरेल. जवळपास ७८ टक्के अचूक. तीच तपासणी जिथे १० मुलांनाच कीड लागणार आहे अशा शाळेत नेली, तर ७ खरे आणि १८ खोटे हाती लागतील. अचूकता २८ टक्क्यांवर आली. तपासणी तीच, गाव बदललं. २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतातल्या पाच वर्षांच्या सुमारे निम्म्या मुलांच्या दातांत कीड आढळली होती. जिथे निम्म्यांना कीड आहे, तिथे ‘धोक्यातली मुलं’ वेगळी काढून फक्त त्यांनाच फ्लोराईडची पेस्ट देणं हा मला वेळेचा अपव्यय वाटतो. ती सगळ्यांनाच द्यावी: तीन वर्षांखालच्यांना तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहाच्या मुलांना वाटाण्याएवढी. चंद्रपूर-यवतमाळकडे पाण्यातल्याच जास्त फ्लोराईडने दात डागाळतात, म्हणून तिकडे भीती आहे आणि ती निराधार नाही. तिथे आधी पाण्याची तपासणी हवी, आणि पेस्टचं प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावं. भाकिताचा उपयोग त्यानंतर येतो: फ्लोराईडचं वार्निश कोणाला दर तीन महिन्यांनी, कोणाला सहा महिन्यांनी, एक्स-रे कोणाचा, कोणाला लवकर बोलवायचं.

७. उपचाराने तरी काय फरक पडतो?

सर्वांत अवघड आक्षेप ब्रिटनमधून आला. तिथे डेंटिनपर्यंत कीड पोचलेल्या तीन ते सात वर्षांच्या १,१४४ मुलांवर फिक्शन नावाची चाचणी झाली. निष्कर्ष २०२० साली आले. एका गटात नेहमीसारखं कोरून भरणं, दुसऱ्यात कीड आतच कोंडून वर सिमेंट किंवा कॅप बसवणं, तिसऱ्यात नुसतं ब्रश, आहार, फ्लोराईड. साधारण तीन वर्षांत कळ किंवा पू झालेल्या मुलांचं प्रमाण अनुक्रमे ४२, ४० आणि ४५ टक्के निघालं. म्हणण्यासारखा फरक नाही. मग आजीच जिंकली का? त्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूने बघा. कोणत्याही गटातल्या दहापैकी किमान चार मुलांचं किडीचं घड्याळ तीन वर्षांच्या आत वाजलं. ‘पडेपर्यंत चालून जाईल’ या भरवशाला यापेक्षा मोठा धक्का असू शकत नाही. उपचारांत फरक दिसला नाही, कारण तिन्ही गटांची सुरुवातच उशिरा झाली होती, असं माझं वाचन आहे. चाचणीने हा मुद्दा तपासलेला नाही, त्यामुळे त्याला पुरावा म्हणता येणार नाही; पण पातळ इनॅमल आणि जवळ असलेली नस बघता तो सयुक्तिक वाटतो.

तिसऱ्या गटाचा निकाल आपल्याकडे एका कारणाने उपयोगी आहे. प्रत्येक दाढ कोरायला ना डॉक्टर आहेत, ना पाच वर्षांचं मूल तेवढा वेळ आ वासून बसतं. न कोरता करण्यासारखा एक उपायही आहे: ३८ टक्क्यांचं सिल्व्हर डायअमाईन फ्लोराईड नुसतं ब्रशने लावलं तरी बरीचशी चालू कीड थांबते. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. दाताची किडलेली जागा मात्र कायमची काळी पडते. मागच्या दाढेत चालतं, समोरच्या दातात घरच्यांना आधी विचारावं लागतं. नस दुखू लागली असेल तर त्याचा उपयोग नाही. तेव्हा ती वेळ निघून गेलेली असते.

८. पुढची तारीख

म्हणून तपासणीच्या कागदावर ‘कीड आहे / नाही’ याहून जास्त मोलाची ओळ असते पुढच्या तारखेची. चार वर्षांचं मूल, दाढेच्या काठाखाली सावली, रात्री बाटली चालू: तीन महिने हाही लांबचा पल्ला. सहा वर्षांचं मूल, खालच्या दाढेत काळा, कडक, उघडा डाग, वर्षभरात बदल नाही: सहा महिन्यांनी पुन्हा बघू. साडेनऊ वर्षं, पहिली दाढ हलतेय, कळ नाही, हिरडी स्वच्छ: राहू द्या. घरी करायचं ते सोपं आहे. दर दोन महिन्यांनी, खिडकीपाशी, दात पुसून, त्याच बाजूने मोबाईलवर एक फोटो. दोन फोटो शेजारी ठेवले की डाग वाढला का, हे आईला स्वतःला दिसतं.

आणि सहाव्या वर्षाच्या सुमाराला फोटो थोडा आणखी मागून घ्या. सगळ्या दुधाच्या दाढांच्या मागे, एकही दात न पडता, एक नवी दाढ हिरडीतून डोकं काढत असते. कोणताच दात पडलेला नसल्यामुळे पुष्कळ घरांत ती दुधाचीच समजली जाते. ती कायमची असते. पूर्ण वर यायला तिला वर्षाहून जास्त लागतं, तोवर ती शेजारच्या दाढेच्या पातळीखाली राहते, ब्रश वरच्यावर तरंगत जातो, आणि तिच्या खोल खाचांत चिकट थर तसाच बसून राहतो.